कोटवाला

आर्वी आणि आष्टी तालुक्यातल्या बऱ्याच घरांमध्ये भिंतीवर माझे खांदे टांगलेले आहेत. सणावाराला त्यांना हार पडतो, उदबत्ती ओवाळली जाते, नव्या सुना डोक्यावर पदर घेऊन पाया पडतात. वरची मुंडकी ज्याची त्याची आहेत. खांदे मात्र माझे आणि अंगातला कोटही माझ्या स्टुडिओचा.

हे नीट समजावून सांगायला हवं, नाहीतर ऐन दिवाळीत हा माणूस काय अभद्र लिहून राहिला असं तुम्ही म्हणाल.

मी फोटोग्राफर. मूळ गाव रोहणा, स्टुडिओ आर्वीला. चाळीस वर्षं झाली. आता शटर अर्धंच उघडं असतं, कारण प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि प्रत्येकाला वाटतं की आपल्याला फोटो काढता येतो. लग्नं केली, बारशी केली, पासपोर्ट साईज तर किती केले त्याला गणती नाही. पण माझी चूल खरी पेटली ती तेरवीच्या फोटोवर. माणूस गेला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरचा कोणी पुतण्या नाहीतर जावई पिशवी घेऊन यायचा. पिशवीत एक जुना फोटो, बहुतेक वेळा लग्नातला गट. त्यात पन्नास माणसं, आणि गेलेला माणूस तिसऱ्या रांगेत कोणाच्या तरी फेट्याआड. "भाऊ, हा आमचा मामा. तेरवीपर्यंत एवढा मोठा पाह्यजे," म्हणून तो दोन्ही हात फाकवून दाखवायचा. मुगाच्या डाळीएवढं डोकं, ते पपईएवढं करायचं आणि तेही आठ दिवसांत.

काम असं असे. जुन्या फोटोवरून फोटो घ्यायचा, मोठा करायचा, ब्लेडनं डोकं कापून काढायचं आणि कोटाच्या फोटोवर चिकटवायचं. सांधा ब्रशनं बुजवायचा, मागं आकाशी रंग मारायचा आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा. कोटाचे फोटो तयारच असत. समोरून एक, जरा डावीकडून एक, जरा उजवीकडून एक. ते काढताना कोट घालून मीच बसलो होतो, कारण दुसरा कोणी फुकट बसायला तयार नव्हता. म्हणून खांदे माझे.

डोळे ही दुसरी भानगड. गटाच्या फोटोत एकाचे तरी डोळे मिटलेले असतातच, आणि नेमका तोच पुढे तेरवीला आमच्याकडे येतो. मिटल्या डोळ्यांचा फोटो घरात कोणी लावत नाही. मग डोळे उसने घ्यायचे. त्याच गटात उभ्या असलेल्या भावाचे, नाहीतर मुलाचे. रक्ताचं नातं असलं की डोळे बसतात, कोणाच्या लक्षात येत नाही. मी या कामात तरबेज होतो आणि मला त्याचा गर्वही होता. नागपूरचे स्टुडिओवाले अवघड डोकी माझ्याकडे पाठवत.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका घरानं आजोबांना मिशा लावून द्या म्हणून हट्ट धरला. मी म्हणालो, आजोबांना तर मिशा नव्हत्या. नातू म्हणाला, "आजी ठेवू देत नव्हती ना. आता तीबी नाई, लावून टाका." लावून टाकल्या. एका बाईंच्या हनुवटीवरचा तीळ मी डाग समजून पुसला. त्यांच्या लेकीनं फोटो काउंटरवर पालथा ठेवला आणि "माही आई नाई हे" एवढंच बोलून ती निघून गेली. तो फोटो मी पुन्हा केला आणि स्वतः घरी नेऊन दिला. पण असल्या चुका लोकांनी येऊन सांगितल्या तरच कळतात.

हे झालं पोटाचं. दुसरं काम मनाचं. शहरात त्याला कलात्मक छायाचित्रण म्हणतात. आर्वीत लोक त्याला रिकामे फोटो म्हणत, कारण त्यात गिऱ्हाईक नसतं. आष्टीच्या आठवडी बाजारात मी गळ्यात कॅमेरा अडकवून वर्षानुवर्षं फिरलो. काळापांढरा रोल, फ्लॅश नाही, जो काही उजेड तिथल्या कडुलिंबाच्या पानांतून खाली येईल तेवढाच. सुरकुत्या, हात, टोपल्यांच्या सावल्या. त्यातून पुढे नागपूरला प्रदर्शन झालं, मग पुण्याला, मग मुंबईला. छापून आलं. ज्येष्ठ छायाचित्रकार अशी पदवी लागली. शहरातली माणसं माझ्या फोटोंपुढे हाताची घडी घालून उभी राहत आणि हळू आवाजात बोलत, ते मला फार आवडायचं. खोटं कशाला बोलू? तेरवीचे फोटो करणारा तो वेगळा आणि हे काढणारा मी वेगळा, असंच मी मनात धरून होतो.

गेल्या वर्षी उन्हाळा लागायच्या सुमाराला एक बाई स्टुडिओच्या पायऱ्या चढून आल्या. सत्तरीला टेकलेल्या, डोळ्यांवर नवाकोरा जाड चष्मा, काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी चौकोनी. मागून त्यांचा मुलगा, पस्तिशीचा, मी आणली नाही तीच आली असा चेहरा करून. बाईंचं नाव अनसाबाई, मुलाचं देविदास. आष्टीजवळच्या एका खेड्यात त्यांची भाजीपाल्याची शेती.

बाईंनी टॉवेल सोडला. आत तेरवीचा फोटो होता. आकाशी रंग, माझा कोट, कोपऱ्यात माझ्या स्टुडिओचा शिक्का.

"हा कोन आहे?" बाईंनी विचारलं.

"तुमच्याच घरचं कोनी असन ना, बाई."

"म्हनूनच तं इचारून राह्यली. पंचवीस वर्सं झाले याले हार घालून राह्यली मी. सांगा, हा कोन आहे?"

मी देविदासकडं पाहिलं. तो खाली मान घालून म्हणाला, "बाबा आहे आमचे. बाबा गेले तवा काकानं तुमच्याकडूनच करून आनला होता."

"तू चूप बस. तू दहा वर्सांचा होता, तुले काय आठवते?" बाई माझ्याकडं वळल्या. "भाऊ, माह्या मानसानं जिंदगीत कोट घातला नाई. लग्नात बी नाई घातला. तं हा कोट कोनाचा?"

"कोट स्टुडिओचा," मी म्हणालो.

"अन् डोये?"

मी फोटो हातात घेऊन उजेडात धरला. एवढ्या वर्षांनी कसं आठवणार? पण काम माझं होतं, आणि डोळे उसने आहेत हे मला ब्रशच्या रेघेवरून लगेच कळलं.

"मी सांगते कोनाचे," बाई म्हणाल्या. "नवा चष्मा लावला तवा दिसलं मले. हे आमच्या भासऱ्याचे डोये आहे. याच्या मोठ्या भावाचे. मी नवऱ्याच्या मोठ्या भावापुढं कधी उघड्या डोक्यानं उभी नाई राह्यली. अन् तुमी त्याहिले माह्या सैपाकाच्या खोलीत भितीवर बसवलं! पंचवीस वर्सं मी आपल्याच घरात पदर सावरून राह्यली, अन् मले समजे नाई की काऊन असं होते."

मला हसू येत होतं आणि ते दाबता येत नव्हतं. देविदासही हसायला लागला. मग मी विचार केला, सांगायचंच तर सगळंच सांगावं. म्हणालो, "बाई, अजून एक आहे. कोटाच्या आत मीच बसलो होतो. हे खांदे माहे आहे."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "म्हंजे मी इतके दिवस तुम्हाले हार घालून राह्यली?"

आता तिघंही हसलो. पण हसू ओसरल्यावर बाई खुर्चीत बसल्या आणि पदराच्या टोकाशी चाळा करत बोलल्या. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यावर पट्टी होती आणि पडून राहायला सांगितलं होतं. "काय करू पडल्या पडल्या? म्हनलं बुढ्याले आठवू. तं हा कोटवालाच येऊन बसे. मी म्हनो, तू नोको, तू सरक. हा सरके नाई. दोन दिवस मी धुंडत राह्यली. आवाज येते मले त्याचा, चाल येते, पाठ येते. तोंड येत नाई. माहा मानूस मले आठवत नाई, भाऊ. तुमी बदलला, आता तुमीच आनून द्या."

चाळीस वर्षांत अनेकांनी माझ्याशी भांडण केलं, फोटो परत केले, शिव्याही दिल्या. पण असं कोणी मागितलं नव्हतं. मला आठवत होतं की तेरवीच्या फोटोची ऑर्डर द्यायला कायम पुरुष यायचे. हे बरोबर दिसतात का, असं घरातल्या बाईला मी कधीच विचारलं नाही. विचारावं असं डोक्यातही आलं नाही.

"दुसरा फोटो नाई काय त्याहिचा?"

"एकच होता, गटातला, त्याच्यात त्यानं डोये मिटले होते. मतदानाच्या कार्डाचा फोटो काढाले गावात मानसं आले तवा तो बजारात बसला होता. पन तुमी आष्टीच्या बजारात फिरत होते ना गयात मशीन अटकवून? आमचं दुकान लिंबाखाली होतं. त्याचा फोटो तुमच्यापाशी असन."

"पाहतो मी," असं म्हणालो. ही माझी गिऱ्हाईक कटवायची ठरलेली पद्धत.

"पाहतो नाई," अनसाबाई म्हणाल्या. "काढा तुमची पेटी. मी बसली आहे."

आणि खरंच त्या बसल्या. देविदास त्यांना सकाळी मोटारसायकलवर सोडून जाई आणि उन्हं उतरल्यावर घेऊन जाई. असं तीन दिवस चाललं.

बाजाराचे सगळे रोल मी लोखंडी पेटीत जपून ठेवले आहेत. प्रत्येक रोलचा एक कॉन्टॅक्ट प्रिंट असतो, म्हणजे एकाच कागदावर रोलमधले छत्तीसही फोटो, टपाल तिकिटापेक्षा जरा मोठे. डोळ्याला छोटं भिंग लावून ते बघायचे आणि त्यातला कोणता मोठा करायचा ते ठरवायचं. अडचण एवढीच होती की ज्याला शोधायचं तो मला माहीत नव्हता आणि जिला माहीत होता तिला तो आठवत नव्हता.

पण बाई भिंगाला डोळा लावून बसल्या आणि पहिल्याच कागदावर थबकल्या. "अरे, हे तं काशी!"

तो माझा गाजलेला फोटो. नागपूरच्या प्रदर्शनात मी त्याला 'वार्धक्य' असं नाव दिलं होतं. कपाळाला हात लावून बसलेली म्हातारी, चेहऱ्यावर जन्माचं दुःख.

"दाढ ठनकत होती तिची," अनसाबाई म्हणाल्या. "मीच लवंग देल्ली तिले. संध्याकायी खुशाल नाचत घरी गेली."

पुढच्या कागदावर 'प्रतीक्षा' होता. दूरवर नजर लावून उभा असलेला माणूस. त्यावर पुण्याच्या एका बाईंनी पानभर लिहिलं होतं. "हा आमच्या शेजारचा किसन," अनसाबाई म्हणाल्या. "याची बकरी हरपली होती बजारात. बकरीले पाहून राह्यला तो."

"सापडली काय मग?"

"सापडली ना. आमच्याच टोपलीतला पालक खाऊन राह्यली होती."

तीन दिवस हेच. ज्यांना मी चेहरा, हात, म्हातारपण, कष्ट म्हणून ओळखत होतो, त्यांना बाई नावानं, गावानं, सासर-माहेरासकट ओळखत होत्या. कोण गेलं, कोणाची लेक नर्स झाली, कोणी बाजारात बसणं सोडलं. मी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक कागदाच्या मागं नावं लिहू लागलो. लाज वाटत होती आणि त्याच वेळी मजाही येत होती. इतकी वर्षं मी त्या लिंबाखाली जात होतो आणि तिथं कोण बसतं हे मला कोणीतरी आता सांगत होतं. दुपारी बाई घरून आणलेली भाकर आणि झुणका काढत, त्यातला अर्धा माझ्यापुढे सरकवत. माझी बायको आतून चहा आणून देई आणि दाराशीच उभी राहून ऐके.

त्यांचा माणूस मात्र सापडत नव्हता. लिंबाखालचं दुकान दोन-तीनदा आलं, पण कधी त्याची पाठ, कधी पुढे गिऱ्हाईक उभं. दुसऱ्या दिवशी निघताना बाईंनी मला विचारलं, "समोर आला तरी मी वयखीन ना, भाऊ?" ओळखतील का, ते मलाही ठाऊक नव्हतं; मी उरलेले कागद उद्यासाठी वर काढून ठेवले.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांचं बोट एका जागी थांबलं. "हा तराजू आमचा."

मी भिंग मागून घेतलं. पाहायच्या आधीच तो कागद कोणता आहे ते मला कळलं होतं.

'तराजू' हा माझा सगळ्यात नावाजलेला फोटो. ज्यांनी माझं दुसरं काही पाहिलं नसेल त्यांनीही तो पाहिला असतो. राबलेला एक हात, हातात तराजू, पारड्यात वांगी, वांग्यांवर लिंबाच्या पानांतून आलेला उजेड. चेहरा नाही. चेहरा नाही म्हणूनच तो फोटो मोठा, असं जाणकार म्हणत आणि मी मान डोलवत असे. मूळ निगेटिव्हमध्ये चेहरा होता. फोटो मोठा करताना हवा तेवढाच भाग कागदावर घ्यायचा आणि उरलेला सोडून द्यायचा, हे आमच्यात रोजचंच आहे. कुठून कापायचं त्याची खूण कॉन्टॅक्ट प्रिंटवर लाल पेन्सिलीनं करतात. ती लाल रेघ त्या माणसाच्या गळ्यावरून गेली होती.

"एका पारड्याले साखयी आहे अन् एकाले सुतळी. पाहा," बाई सांगत होत्या. "साखयी तुटली तं मीच बांधली होती सुतळी. पन हे लाल कायचं आहे?"

खोटं बोलता आलं असतं. "इथून वरचं मी कापून टाकलं होतं," मी म्हणालो.

"काऊन?"

"ते हासत होते म्हनून."

"हासत होता म्हनून कापला?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच समजत नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला की कष्टाचं चित्र होतं, हसण्यानं त्याचं गांभीर्य गेलं असतं, शहरातल्या लोकांना तसं आवडत नाही. बोलता बोलता माझं मलाच ऐकवेना. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका माणसाला मी आधी बाजारात कापला, आणि तो वारल्यावर त्याला दुसऱ्याचे डोळे, माझे खांदे लावून परत घरी पाठवला. दोन्ही वेळा तो कोण ते मला ठाऊक नव्हतं.

"तोच आहे काय?" मी विचारलं.

बाईंनी पुन्हा भिंग लावलं. चेहरा तिळाएवढा होता. "सांगता नाई येत. तराजू आमचा आहे, पन कधी कधी माहा भाऊ बी बसे दुकानावर." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "भीती वाटते मले. हा दुसरा कोनी निंघाला तं?"

देविदास त्या दिवशी लवकर आला होता. तो म्हणाला, "मोबाईलवर फोटो काढतो अन् मोठा करून पाहतो." मी त्याला थांबवलं. त्या माणसाचं डोकं मी आयुष्यात एकदाही नीट काढलं नव्हतं. आता काढायचं तर माझ्या हातानं, पूर्ण निगेटिव्हचा, कुठंही न कापता.

डार्करूम मी अजून मोडलेली नाही. फोटो पेपरच्या डब्यात मोजके कागद उरले होते, तेही मुदत संपलेले. आर्वीच्या उन्हात डेव्हलपरचं, म्हणजे फोटो उमटवायचं, पाणी चहासारखं तापतं, म्हणून ट्रेच्या खाली बर्फ ठेवावा लागतो. तो देविदासनं गोळेवाल्याकडून आणून दिला. बाईंना मी आत स्टुलावर बसवलं. लाल दिव्याच्या उजेडात त्या इकडंतिकडं पाहत म्हणाल्या, "बाप्पा! इथं बसून तुमी मानसं बनवता काय?"

मी एनलार्जर, म्हणजे फोटो मोठा करायचं यंत्र, वर चढवला आणि सगळी निगेटिव्ह कागदावर पाडली. सेकंद मोजले. मग कोरा कागद डेव्हलपरमध्ये सोडला आणि ट्रे हलवत राहिलो. ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, आधी काहीच होत नाही. मग काळा भाग उमटतो. लिंबाखालची सावली आली, वांगी आली, तराजूची दांडी आली. मग केस, भुवया, कानाची कड. बाई ट्रेवर एवढ्या वाकल्या की त्यांचा पदर पाण्यात जाईल असं मला वाटलं. तोंड आलं. उघडं, हसणारं.

"दात," त्या म्हणाल्या.

समोरचा एक दात अर्धा तुटलेला होता.

"दात अर्धा होता त्याचा. बैलानं मान झटकली होती तवा तुटला. मी इसरलीच होती! इतकं कसं इसरली मी?" त्यांनी माझा दंड घट्ट धरला. "हाच आहे, भाऊ. हाच माहा मानूस. मीठ खारट झालं तं असाच हासे, अन् पानी मांगे."

त्या रडायला लागल्या आणि मीही रडलो. ट्रे हलवायचं भान राहिलं नाही. शेवटी बाईच ओरडल्या, "अवो, काया पडून राह्यला तो!" मी घाईनं कागद उचलून पुढच्या ट्रेत टाकला, पण फार वेळ झाला होता. सगळा फोटो धुरकटून गेला होता. दुसरा केला तो चांगला निघाला. पहिला मी कचऱ्यात टाकू लागलो तर बाईंनी हातातून ओढून घेतला. म्हणाल्या, उन्हातून घरी येई तेव्हा असाच काळा दिसे.

आठवड्यानं फ्रेम करून मी त्यांच्या गावी गेलो. शेताला लागूनच घर. देविदासनं कोटवाल्याचा फोटो खिळ्यावरून उतरवला आणि कुठं ठेवायचा म्हणून हातात घेऊन उभा राहिला.

"त्याले फेकतो काय?" अनसाबाई म्हणाल्या. "पंचवीस वर्सं हार घेतला बिचाऱ्यानं. आता कुठी जाईन तो? छपरीत लाव. भासरे आले की छपरीतच बसत होते. अन् हे फोटोवाले भाऊ आले की त्याहिले आपले खांदे बी पाहाले भेटन."

कोटवाला बाहेरच्या छपरीत गेला. नव्या फोटोसाठी मी बाईंच्या खोलीत जागा पाहू लागलो. ती माझी सवय. दाराच्या समोरची भिंत मला पसंत पडली, तिथं उजेड छान येत होता. मी खिळा ठोकायला हात उचलला.

"तिथं नाई," बाई म्हणाल्या.

त्यांनी फ्रेम माझ्याकडून घेतली आणि भिंतीला टेकवून जमिनीवर उभी केली. स्वतःही खाली बसल्या. फोटोतला माणूस कॅमेऱ्याकडं पाहत नव्हता. तो मान वळवून, फोटोच्या कडेबाहेर कोणाकडं तरी पाहून हसत होता. मी आठवडाभर तो फोटो हाताळत होतो, पण हा कोणाकडं पाहतोय असा प्रश्न मला पडला नव्हता.

अनसाबाईंनी त्याच्या डोळ्यांवर बोट ठेवलं. मग ते बोट त्याच्या नजरेच्या दिशेनं सरकत सरकत फ्रेमच्या बाहेर गेलं आणि मोकळ्या भिंतीवर थांबलं.

"इथं मी होती," त्या म्हणाल्या. "पोत्यावर बसून हिरव्या सांभाराच्या जुड्या बांधून राह्यली होती."

दीड-दोन हाताचं अंतर. मी कॅमेरा जरासा वळवला असता तर दोघंही आले असते.  मी विचारलं, "काय म्हनलं होतं तुमी त्याहिले? एवढे हासून राह्यले म्हनून इचारतो."

बाई गालात हसल्या. सांगू की नको असं झालं त्यांना. मग म्हणाल्या, "राग नोका मानू. मी दर बजारी तेच म्हनो. म्हनो, पाहा, आला तुमचा गिऱ्हाईक. तासभर वांग्याइकडं डोये लावते, अन् अर्धा पाव बी घेत नाई. अन् दर बजारी तो असाच हासे."

म्हणजे तो मला हसत होता, आणि मी ते कापलं होतं. एवढा मनापासून मी त्यानंतर कधी हसलो असेन असं वाटत नाही. देविदासची बायको चुलीपुढून उठून दारात आली, काय झालं म्हणून.

खिळा मग अनसाबाईंनी सांगितला तिथं ठोकला. उजेडाच्या दृष्टीनं ती जागा अगदीच वाईट, कोपऱ्यातली, अंधारी. फ्रेम अडकवल्यावर त्या आपल्या खाटेवर जाऊन बसल्या आणि तिथून मला सांगू लागल्या. जरा इकडं घ्या. जास्त झालं. थोडं खाली. मी चाळीस वर्षं लोकांना मान अशी करा, तशी करा म्हणून सांगत आलो, त्या दिवशी मुकाट्यानं फ्रेम हलवत राहिलो.

"हां, बस," त्या म्हणाल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि भिंतीला पाठ टेकली. "आता पाहून राह्यला माह्याकडं."